झिंगराजी पारखींचा 'रहाउ'

अमरावतीच्या कापूसबाजारात भर सौद्याच्या वेळी डोळे मिटून घेणारा एकच मनुष्य मी पाहिला, आणि तोच त्या बाजारातला सर्वांत चांगला पारखी होता.

प्रकार असा घडे. अमेरिकेत कोठेतरी भाऊबंदांची लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडच्या बोंडाला एकाएकी असा मान आला होता की, मुंबईचे दलाल पागोटी सावरीत गाड्यांमागे धावत. रुमालाखाली दोघांची बोटे गुंतलेली असत, बोटांनीच दर ठरत असे, आणि भोवती उभे असलेले दहाजण त्या हलणाऱ्या रुमालाकडे टक लावून पाहत. अशा ऐन वेळी झिंगराजी पारखी बोजातून चिमूटभर कापूस उपसत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणीत, तंतू तुटेपर्यंत श्वास रोखून धरीत, आणि मग उजवा हात वर करून मोठ्याने म्हणत, "रहाउ!"

एवढे बोलून ते डोळे मिटत. रुमालाखालची बोटे होती तेथे थबकत. बैल रवंथ करीत. कोणीही हूं की चूं करीत नसे, कारण झिंगराजींचा शब्द न घेता माल उचलला तर पुढे पस्तावावे लागते, हे सर्वांना अनुभवाने कळले होते. पुष्कळ वेळाने डोळे उघडत आणि निवाडा होई.

एकदा एक नवखा दलाल हा प्रकार पाहून ताडकन उठला. त्याने 'राहू' असे ऐकले होते. भर सौद्यात पापग्रहाचे नाव घेणारा हा कोण, म्हणून त्याने रुमाल झटकला, माल सोडला, आणि दुसऱ्या दिवशी काळे तीळ दान केल्यानंतरच तो बाजारात परतला. तेव्हापासून लोक झिंगराजींना पाठीमागे 'राहूबुवा' म्हणत. त्यांच्या कानांवर ते गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "असू दे. राहूच त हाये. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक."

त्या शब्दाचा अर्थ मला पुढे कळला. शीख लोकांच्या गुरुवाणीतल्या पदांत बहुधा एका ओळीपुढे 'रहाउ' असे लिहिलेले असते. येथे थांब, पदाचे मर्म या ओळीत आहे, असा त्याचा आशय टीकाकार सांगतात. झिंगराजींचे म्हणणे असे की, हा शब्द नुसता पोथीत कोंडून ठेवण्यासारखा नाही. कापसाच्या बोजातही एक चिमूट अशी असते, जिच्यात सगळ्या बोजाचे मर्म असते. तेथे थांबता आले पाहिजे.

जातीने कुणबी, गाव अमरावतीजवळचे, आयुष्य गेले कापसाच्या गाड्यांमागे. अशा गृहस्थाच्या तोंडी गुरुवाणीचे शब्द कोठून आले, हे सांगण्यापूर्वी त्यांचे आणखी दोन शब्द सांगितले पाहिजेत. एक 'उथानका' आणि दुसरा 'अथवा'. जुन्या टीकांची रीत अशी असते की, प्रथम उत्थानिका सांगायची. म्हणजे हे पद कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले. मग पदांचा अर्थ. मग 'अथवा' म्हणून दुसरा अर्थ, पुन्हा 'अथवा' म्हणून तिसरा, आणि शेवटी भाव. झिंगराजी बाजारातला निवाडाही याच क्रमाने देत.

"अर्थ असा, शेटजी, का कापूस ओला हाये. अथवा गाडी पूर्णेच्या पान्यातून आली. अथवा बैलाले भल्ला घाम आला." येथे ते शेटजींकडे अतिशय प्रेमाने पाहत. "अथवा तुमी पानी मारलं. भाव..."

'भाव' हा शब्द ऐकताच दलालांचे कान टवकारत. पण झिंगराजींचा भाव टीकेतला असे, बाजारातला नव्हे.

"भाव असा का, वाळवून आना."

त्यांच्या शेजारी रमजानभाई नावाचे पिंजारी राहत. दोघांचे अंगण एकच, मध्ये कुंपण नाही. एके दिवशी झिंगराजींचा गोऱ्हा सुटला आणि त्याने रमजानभाईंनी पिंजून ठेवलेल्या रुईच्या ढिगात मनसोक्त लोळण घेतली. रमजानभाई पिंजायची कमान हातात घेऊनच भांडायला आले. मी तेथेच बसलो होतो.

"भाऊ, तुमच्या गोऱ्ह्यानं माह्या रुईचं वाटोळं केलं!"

झिंगराजी शांतपणे म्हणाले, "उथानका सांग."

"कायची उथानका?"

"कोनत्या वक्ती, कोनत्या कारनानं. त्याच्याबिगर अर्थ लागत नाही."

"कारन काय असन? गोऱ्हा खुला होता!"

"खुला काहून होता?"

"तुमी बांधला नोयता म्हनून!"

झिंगराजींनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "हा अर्थ बराबर हाये." आणि उठून तीन दिवस स्वतः रमजानभाईंच्या ओट्यावर बसून रुईतला कचरा वेचीत राहिले. रमजानभाई मला म्हणाले, "या मानसासंगं झगडा करनं मुश्किल हाये, पंतोजी. झगडा करायले गेलं त मतलब इचारते."

आता त्या शब्दांचे मूळ सांगतो. हैदराबादच्या फौजेतून मोकळा झालेला मेहरसिंग नावाचा एक शीख शिपाई कापसाच्या गाड्यांवर राखणदार म्हणून राहिला होता. झिंगराजी तेव्हा त्याच गाड्यांबरोबर पश्चिमेकडच्या घाटांपर्यंत जात. चौदा वर्षे दोघांनी तो रस्ता एकत्र तुडवला. जेथे मुक्काम पडे तेथे दिवस मावळण्यापूर्वी मेहरसिंग हातपाय धुऊन आपली पोथी उघडी. तिच्यात गुरुवाणीतली काही पदे होती, आणि सोबत हाताने लिहिलेली एक जाड टीका होती. तो पद वाची, टीका वाची आणि समजावून सांगे. झिंगराजी बैलांपुढे वैरण टाकता टाकता ऐकत. झिंगराजींच्या पत्नी लवकर निवर्तल्या होत्या आणि एकुलती लेक शेंदूरजनाघाटाकडे दिलेली होती. तेव्हा मेहरसिंग रस्त्यावर नसे त्या दिवसांत झिंगराजींच्या ओसरीवरच राही.

त्याच ओसरीवर एका उन्हाळ्यात तो तापाने गेला. जाण्यापूर्वी त्याने पोथी आणि टीका झिंगराजींच्या हाती दिली. "झिंगरा, एक बार पूरी पढ़ना. समझकर. फिर नांदेड पहुँचा देना."

झिंगराजींनी हो म्हटले. अडचण एवढीच की, त्यांना गुरुमुखीचे एक अक्षरही ओळखता येत नव्हते.

दोन वर्षे ती पोथी उंच फळीवर स्वच्छ वस्त्रात राहिली. दर आठवड्यास वस्त्र बदलत. जवळपास वाचणारा कोणी नव्हता. मग त्या गावी एक नवा पंतोजी आला. तो मी.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, पुण्याकडून सरकारी मराठी शाळेवर नेमला गेलो होतो, आणि वऱ्हाडी बोलणे ऐकले की मनातल्या मनात ते शुद्ध करीत असे. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या तरुणाकडे पाहतो तेव्हा त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या मानेच्या ताठपणाचेच मला अधिक आश्चर्य वाटते. झिंगराजी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि जोडे बाहेर काढून म्हणाले, "पंतोजी, तुमाले गुरुमुखी वाचता येते का जी?"

मी गुरुमुखी आयुष्यात पाहिली नव्हती. मला 'नाही' म्हणता आले असते. त्या एका शब्दाने पुढचे सारे टळले असते. मी म्हणालो, "अक्षर ते अक्षरच. पाहू या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोथी पाहिली आणि माझा धीर वाढला. पानभर अक्षरे सलग लिहिलेली, शब्दाशब्दांत जागा म्हणून नाही. दुसरा कोणी घाबरला असता. पण मी मोडी वाचणारा, आणि मोडीतही लेखणी शब्दापाशी थांबत नाही; तेव्हा शब्द तोडण्याचे मला भय नव्हते. शिवाय बरीच अक्षरे आपल्या बाळबोध अक्षरांच्या चेहऱ्याची दिसत होती. जी दिसत नव्हती त्यांच्याबद्दल झिंगराजी भीतभीत सुचवत, "मेहरसिंग इथी 'ह' म्हने, असं ध्यानात हाये", आणि मी उदारपणे ते मान्य करी.

मात्र दोन अक्षरांविषयी मला मुळीच शंका नव्हती. एक हुबेहूब आपल्या 'म'सारखे होते. दुसरे आपल्या 'भ'सारखे. मी ती ठासून तशीच वाचली.

झिंगराजी म्हणाले, "पन पंतोजी, मेहरसिंग त..."

"झिंगराजी, ऐकीव वेगळे आणि लिखित वेगळे. ऐकलेले विसरा. डोळ्यांनी पाहा."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरं."

ज्यांना गुरुमुखी येते ते एव्हाना हसू लागले असतील. ज्यांना येत नाही त्यांना सांगतो. त्या लिपीत आपल्या 'म'सारखे दिसणारे अक्षर 'स' आहे, आणि 'भ'सारखे दिसणारे 'म' आहे.

दसऱ्यापासून माघापर्यंत, शाळा सुटल्यावर, दिवेलागणीपूर्वीची दीड घटका मी त्या ओसरीवर बसून शिकवीत होतो. झिंगराजींचा सोहळा पाहण्याजोगा असे. हातपाय धुऊन, डोक्याला स्वच्छ फडके बांधून ते पोथी पाटावर ठेवीत, आणि स्वतः जमिनीवर बसून मोरपिसांच्या कुंच्याने तिला वारा घालीत. थंडीच्या दिवसांतही घालीत. मला सर्दी झाली तेव्हा मी तक्रार केली. ते म्हणाले, "तुमी थोडे सरकून बसा."

माझी विद्वत्ता तर बहरास आली होती. 'सत' या शब्दाचे मी 'मत' केले, आणि मताविषयी अर्धी घटका बोललो. 'सति'ची 'मति' झाली. तीही शोभून गेली. हाच माझा घात होता. चूक निरर्थक झाली असती तर मी जागा झालो असतो, पण ती पुष्कळदा अर्थ देई. जेथे देत नसे तेथे मी देई. टीकाही त्याच लिपीत असल्यामुळे चुकीला चुकीचाच साक्षीदार मिळे. टीकेत पानोपानी 'समझ' हा साधा हिंदुस्थानी शब्द होता. तो मी 'मभझ' असा वाचला.

अंगणात रुई पिंजत बसलेले रमजानभाई थांबले. "काय म्हने, पंतोजी?"

"मभझ," मी म्हणालो. "जुना पंजाबी शब्द आहे."

"तिकडचे लोक नाकातून बोलतेत काय जी?"

"रमजान," झिंगराजी म्हणाले, "तू तुही रुई पिंज."

सर्वांत मोठा पराक्रम अजून सांगितला नाही. त्या पदांत 'सुनि' म्हणजे 'ऐक', आणि 'मन' म्हणजे आपले मन, हे दोन शब्द वारंवार येत. माझ्या वाचनात 'सुनि'चा 'मुनि' झाला. 'मन'चे 'भन' झाले, आणि 'भणणे' म्हणजे बोलणे हे मला जुन्या मराठीतून ठाऊकच होते. तेव्हा जेथे जेथे 'ऐक, मना' असे सांगितले होते, तेथे तेथे मी झिंगराजींना शिकवले, 'हे मुनी, बोल.' आणि बोलणारा मुनी कोण, याविषयी माझ्या मनात फारसा संशय नव्हता.

माघात शाळेसाठी पाट्या आणण्याकरता मला अकोल्यास जावे लागले. जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी एका धर्मशाळेत नांदेडला निघालेले एक निर्मळे साधू उतरले होते. निर्मळे म्हणजे शिखांमधील अध्ययन करणारे, टीका सांगणारे साधू. पायरीवर बसून ते दोघा शिपायांना पोथी समजावून सांगत होते. मी सहज मागे जाऊन उभा राहिलो. म्हटले, पाहावे, हे कितपत शुद्ध वाचतात.

त्यांचे बोट ओळीवरून सरकत होते. बोट माझ्या ओळखीच्या 'मुनि'वर आले, आणि साधू म्हणाले, "सुनि."

मी वाकून विचारले, "बाबाजी, हे अक्षर कोणते?"

"सस्सा."

"आणि हे? भभ्भा ना?"

त्यांनी वर पाहिले. "नहीं, बेटा. मम्मा."

मी पाट्या घ्यायला विसरलो आणि धर्मशाळेतून चालू लागलो. फार पुढे गेल्यावर पाट्या आठवल्या. त्यांच्यासाठी परत फिरताना मोर्णा ओलांडली तेव्हा एकच हिशेब डोक्यात फिरत होता: पोथीची चार पानेच उरली आहेत. एका मेलेल्या माणसाला दिलेला शब्द झिंगराजी पाळीत आहेत असे त्यांना वाटते आहे, आणि तो शब्द मी अक्षरशः नासवला आहे.

येथपर्यंत जे झाले ते अज्ञान होते. पाप यापुढे आहे. गावी परतल्यावर मी सांगितले नाही. अकोल्यास एक साधू भेटले, महिनाभर तेथे मुक्काम करून नांदेडला जाणार आहेत, इतके बोलून गेलो, आणि मग डोळे दुखतात म्हणून ओसरीवर जायचे थांबवले. पहिल्या दिवशी झिंगराजींकडून धन्याचे पाणी आले. दुसऱ्या दिवशी गाईचे तूप आले. तिसऱ्या दिवशी रमजानभाई सुरम्याची डबी घेऊन स्वतः आले आणि माझ्या अगदी धडधाकट डोळ्यांत त्यांनी एवढा सुरमा घातला की, संध्याकाळपर्यंत माझे डोळे खरोखरीच दुखू लागले. ती शिक्षा मला फार थोडी वाटली.

पंधराव्या दिवशी झिंगराजी आले.

"पंतोजी, चार पानं राहिले. थे अकोल्यात बाबाजीसमोर वाचू. थे नांदेडले जाऊन राहिले, त पोथी त्याइच्याच हाती देऊ."

"तुम्ही जाऊन या," मी म्हणालो.

"तुमच्याबिगर मी वाचत नसतो."

गाडी जुंपली. बडनेऱ्यापाशी आगगाडीच्या सडकेसाठी मातीचे बांध घातले जात होते. शेकडो टोपल्या हलत होत्या आणि कापसाच्या गाड्यांची रांग संपत नव्हती. मी तीन वेळा बोलायला तोंड उघडले. पहिल्या वेळी समोरून गाडी आली. दुसऱ्या वेळी झिंगराजींनी एका शेताकडे पाहून 'रहाउ' म्हटले आणि डोळे मिटले, ते मूर्तिजापूरच्या वाटेपर्यंत उघडले नाहीत. तिसऱ्या वेळी कोणताही अडथळा नव्हता, आणि तरीही मी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोर्णेच्या काठी पोहोचलो. धर्मशाळा समोर दिसत होती. पायरीवर साधू बसलेले होते. झिंगराजी नदीच्या उथळ पाण्यात पाय धूत होते. आता आणखी वीस पावले, आणि मग ते साधूंसमोर माझी अक्षरे मोठ्याने वाचणार होते. मी जोडे काढले आणि त्यांच्याजवळ पाण्यात जाऊन उभा राहिलो.

"झिंगराजी, मी तुम्हांला चुकीचे शिकवले."

"कोनतं?"

"दोन अक्षरे. 'म' म्हणून शिकवला तो 'स' आहे. 'भ' शिकवला तो 'म'. पोथी पहिल्या पानापासून बिघडली. मला पंधरा दिवसांपूर्वी कळले. मी लपवले. माझे डोळे दुखत नव्हते."

ते टाच घाशीत होते. घाशीतच राहिले. "थे होय," ते म्हणाले. "मले मालूम हाये."

"डोळ्यांचे?"

"डोयाचंही. पन मी अक्षराचं म्हनून राहिलो."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. चौदा वरसं कानानं ऐकलं ना जी मी थे. 'मभझ' कोनी म्हनते का बाप्पा?"

झिंगराजी दुसरा पाय धुवू लागले.

"तुमची चूक भल्ली इमानदार होती, पंतोजी. जागा सोडे नाही. तुमी 'म' म्हटलं का मी मनात 'स' करो, 'भ' म्हटलं का 'म' करो. सकाळी उठून थेच पान पुन्ना मोठ्यानं वाचो, बराबर. बाकीचे अक्षरं त तुमीच लावून देल्ले. शब्द कोठी तोडाचा थेही तुमीच शिकवलं. पोथी पुरी झाली, समजून झाली. तुमी काहून जीव जाळून राहिले?"

ते ऐकताना माझ्या छातीवरून काय उतरले ते मला लिहून सांगता येणार नाही. इतके दिवस मी ज्या ओझ्याखाली चालत होतो, ते या माणसाने रोज सकाळी उठून एकट्याने, मला न सांगता, उतरवून ठेवले होते. मी हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मग जो प्रश्न विचारायचा तो विचारलाच.

"मग मला सांगितले का नाही? मी सुधारलो असतो."

"सुधारले असते का?" त्यांनी मान वर करून विचारले. टोमणा नव्हता. ते खरोखरच विचारीत होते.

मी त्या ताठ मानेच्या तरुणाची आठवण केली, आणि खोटे बोललो नाही. "नाही. मला राग आला असता."

"हाव. मंग तुमी आले नसते." त्यांनी धोतराच्या सोग्याने पाय पुसले. "मेहरसिंग गेल्यावर दोन वरसं त्या ओसरीवर मानसाचा आवाज नोयता, पंतोजी. तुमी चुकीचं वाचत होते. पन वाचत त होते."

साधूंसमोर झिंगराजींनी डोक्याला फडके बांधले आणि उरलेली चार पाने वाचली. एकही अक्षर अडले नाही. शब्द नेमके तेथेच तुटत होते जेथे तुटायला हवे होते. प्रत्येक 'सुनि' स्वच्छ 'सुनि' होता. मी मागे बसून ऐकत होतो, आणि ती पदे मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

वाचन संपल्यावर साधूंनी प्रसन्न होऊन विचारले, "किसने सिखाया?"

झिंगराजींनी माझ्याकडे बोट केले. "याइनं."

साधूंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना 'सस्सा' आणि 'मम्मा' विचारणारा मनुष्य ओळखायला वेळ लागला नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले, झिंगराजींकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. माझे कान तापले. मग त्यांच्या पांढऱ्या दाढीत हसू पसरले आणि ते म्हणाले, "अच्छा सिखाया."

दुपारी पोथी आणि टीका नव्या वस्त्रात गुंडाळून झिंगराजींनी साधूंच्या हाती दिली. दोन्ही हातांनी दिली, आणि दिल्यावरही हात काही वेळ तसेच पुढे धरून ठेवले. साधूंची गाडी वाशीमच्या वाटेला लागली, झाडीत वळली, दिसेनाशी झाली. आमचे बैल केव्हाच पाणी पिऊन तयार होते. पण झिंगराजी धर्मशाळेच्या पायरीवरून उठेनात. गुडघ्यांवर तळवे टेकून ते बसले होते, आणि मी त्यांच्याजवळ बसलो होतो.

मग त्यांनी रस्त्याकडे पाहतच विचारले, "पंतोजी, आता शाळा सुटल्यावर तुमी कोठी जासान?"

"तुमच्याकडे," मी म्हणालो.

"पन वाचाले त काही नाही आता."

"मग नुसते बसू."

त्यांनी मान डोलावली, गाडीपाशी गेले, बैल जुंपले, आणि पुढच्या बाजूला स्वतःच्या शेजारचे गवत सारखे करून माझ्यासाठी जागा केली.